फ्री डिशवरून रिचार्जच्या डिशवर: दिवाळी ते गणपती वापरल्यानंतर

सांगली जिल्ह्यात आमच्या गावच्या घरी आई-आण्णांकडे बरीच वर्षं डीडी फ्री डिश होती. गेल्या दिवाळीत त्यांना एका खासगी कंपनीची डीटीएच, म्हणजे रिचार्ज करायची छत्री, जोडून दिली. आता गणपती होऊन गेलेत. म्हणजे लग्नसराई, आयपीएल, अख्खा पावसाळा असं सगळं त्या डब्यावर (सेट टॉप बॉक्सवर) बघून झालंय. ज्यांच्या घरी हाच विचार चाललाय त्यांच्यासाठी लिहितोय. कंपनीचं नाव देत नाही. आमच्या गल्लीत वेगवेगळ्या कंपन्यांचे डबे आहेत आणि रडगाणं सगळ्यांचं एकच आहे.

बदलायचं कारण एकच, मालिका. फ्री डिशवर सह्याद्री आहे, सिनेमे दाखवणाऱ्या एकदोन मराठी वाहिन्या असतात, बातम्या असतात. पण संध्याकाळी सात ते दहा या वेळेत ज्या मालिकांवर बायकांचं बोलणं चालतं, त्या बहुतेक पैशाच्या वाहिन्यांवर. आईला त्यांची गोष्ट दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंकडून कळायची, तीही काकूंच्या मतांसकट. शेवटी तीच म्हणाली, "आरं, एवढं टीव्हीला पैसं घातलं, आन बघायचं दुसऱ्याच्या तोंडानं व्हय?"

फ्री डिशवर या वाहिन्या का नसतात, हे घेण्याआधी समजून घेतलेलं बरं. फ्री डिश ही प्रसार भारतीची, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या सार्वजनिक संस्थेची सेवा. १६ डिसेंबर २००४ ला डीडी डायरेक्ट प्लस या नावानं सुरू झाली. छत्री आणि डबा एकदा विकत घ्यायचा, पुढे महिन्याला काही नाही. खासगी वाहिनीला तिथे दिसायचं असेल तर ती ई-लिलावात जागा घेते. म्हणजे पैसे वाहिनी भरते आणि जाहिरातींतून वसूल करते. ज्या वाहिनीला घराघरातून दरमहा पैसे मिळतात, ती इथे फुकट कशाला येईल? मार्च २०१९ मध्ये मोठ्या नेटवर्कच्या जुन्या हिंदी मालिका दाखवणाऱ्या वाहिन्या फ्री डिशवरून उठल्या, २०२० मध्ये परत आल्या, २०२२ मध्ये पुन्हा गेल्या. आण्णा तेव्हा दर थोड्या दिवसांनी ऑटो स्कॅन मारत, म्हणजे डब्याला वाहिन्या नव्यानं शोधायला लावत बसायचे. फ्री डिशवाल्यांना ही सवयच असते.

आता नव्या डब्याविषयी. चित्र चांगलं आहे, यात वाद नाही. जुना डबा एमपेग-२ या जुन्या तंत्राचा होता, त्यामुळे फ्री डिशवरच्या नव्या एमपेग-४ तंत्राच्या वाहिन्या त्याला पकडताच यायच्या नाहीत. नवीन डब्यावर एचडी वाहिनी लावली की आई म्हणते नायिकेच्या साडीचा काठसुद्धा मोजता येतो. पुढचे कार्यक्रम स्क्रीनवर दिसतात, रिमोटवर मराठी भाषा निवडली की मराठी वाहिन्या एकाखाली एक येतात. आईला ते दोन दिवसांत जमलं. आण्णा अजून नंबर दाबूनच वाहिनी लावतात आणि कंपनीनं मध्ये नंबर बदलले तेव्हा त्यांनी माझ्यावर राग काढला.

पावसात मात्र दोन्ही छत्र्या सारख्याच. जोराची सर आली की चौकटी चौकटी होतात, मग सिग्नल नाही अशी पाटी. पैसे भरले म्हणून ढग बाजूला होत नाहीत. बसवणाऱ्या पोरानं वायरीचे जोड नीट केले नव्हते, ते जुलैमध्ये कळलं. छत्रीसमोर सिग्नल पकडणारा जो एलएनबी असतो, त्याला जिथे वायर लागते तिथे पाणी शिरलं होतं. कंपनीकडे तक्रार टाकली तर माणूस यायला आठवडा लागला आणि आल्याचे वेगळे पैसे. पुढच्या वेळी आण्णांनी गावातल्या डिशवाल्यालाच बोलावलं. त्यानं जोड कापला, नवा बसवला, वर काळी टेप गुंडाळली, चहा पिऊन गेला.

खरी गंमत बिलाची. २०१९ च्या फेब्रुवारीत ट्रायची (टीव्ही-टेलिफोनचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेची) नवी पद्धत आली तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं, आता हवं तेवढंच घ्यायचं आणि तेवढेच पैसे. त्या वेळी शंभर वाहिन्यांपर्यंत जोडणीचं शुल्क जास्तीत जास्त १३० रुपये होतं, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. २०२० मध्ये तेवढ्याच पैशात दोनशे वाहिन्या झाल्या. जुलै २०२४ मध्ये ट्रायनं ही मर्यादाच काढली आणि शुल्क ठरवायचं कंपन्यांवर सोडलं. आमच्याकडे महिन्याला तीनशेच्या आसपास जातात. त्यातला निम्म्याच्या जवळपास भाग या जोडणीतच जातो, आणि त्या भागात मिळणाऱ्या बहुतेक वाहिन्या मुळात फुकट बघायच्याच आहेत. आईच्या मालिकांचे पैसे त्याच्यावर.

मालिकांच्या वाहिन्या सुट्या घ्यायला गेलं की बुके, म्हणजे वाहिन्यांचा गठ्ठा, समोर येतो. मेथीची जुडी मागावी आणि भाजीवाल्यानं सोबत दोन दोडके, कारली घ्याच म्हणावं, तसं. तीन मराठी वाहिन्या हव्यात, तर सोबत लहान मुलांची एक, संगीताची एक, इंग्रजी काहीतरी. सुट्याची किंमत अशी ठेवलेली असते की बुकेच स्वस्त वाटतो. नियमानुसार १९ रुपयांपेक्षा महाग वाहिनी बुकेत घालता येत नाही. त्यामुळे २०१९ मध्ये बहुतेक बड्या वाहिन्यांनी किंमत बरोबर १९ लावली होती. मध्ये ही मर्यादा १२ वर आणायचा प्रयत्न झाला, २०२२ च्या नोव्हेंबरात ती पुन्हा १९ झाली. ग्राहकाला एवढंच कळतं की बिल कमी होत नाही.

तरी पॅक छाटता येतो. मी कंपनीनं दिलेला तयार पॅक पहिल्या दोन महिन्यांनंतर मोडला आणि आईला विचारून यादी केली. जोडणीव्यतिरिक्त दोन मराठी बुके, बस्स. हिंदी मालिका ती बघत नाही, आण्णांना बातम्या लागतात आणि त्या बहुतेक फुकट वाहिन्यांवर असतातच. आणखी एक तपासा: फ्री डिशवर जी वाहिनी विनामूल्य दिसते, ती खासगी डब्यावरही विनामूल्यच ठेवावी लागते, हा नियम जुलै २०२४ पासून आहे. पॅकमध्ये अशा वाहिनीपुढे किंमत दिसली तर विचारा. ॲपमध्ये वाहिनी जोडायला एक बोट लागतं. काढायला फोन, फोनवर गाणं, गाण्यानंतर "तुम्हाला आणखी चांगला पॅक देऊ का सर".

रिचार्ज हे मला वाटलं होतं त्यापेक्षा मोठं प्रकरण निघालं. फ्री डिशच्या काळात टीव्ही नावाची वस्तू कोणाच्या लक्षात ठेवायची नव्हती. बटण दाबलं की लागायचा. आता तारीख लक्षात ठेवावी लागते, ती पगाराच्या तारखेशी जुळत नाही, आणि संपली की पैशाच्या वाहिन्यांबरोबर सह्याद्रीसुद्धा बंद. एकदा मी बाहेरगावी होतो, रिचार्ज राहिला. आईनं फोन केला तो बरोबर आठला पाच मिनिटं कमी असताना. मी पैसे टाकले, तरी डबा जागा व्हायला अर्धा तास गेला. त्यानंतर आण्णा गावातल्या मोबाइलवाल्याकडे रोख देऊन तीन महिन्यांचं एकदम करतात. थोडं स्वस्तही पडतं.

क्रिकेटचा भाग जरा नीट वाचा, कारण इथे लोक फसतात. २००७ चा एक कायदा आहे. त्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून जाहीर झालेल्या स्पर्धांचं प्रक्षेपण खासगी वाहिनीला प्रसार भारतीला द्यावं लागतं. त्यात भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-२० सामने येतात. आयपीएल येत नाही. पण ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की हे सामने दूरदर्शननं फक्त आपल्या जमिनीवरच्या प्रक्षेपकांवरून आणि फ्री डिशवर दाखवायचे, खासगी डीटीएच किंवा केबलवरच्या दूरदर्शनवर नाही. व्यवहारात याचा अर्थ असा: भारताची वनडे सुरू आहे, नव्या डब्यावर डीडी स्पोर्ट्स लावलंय आणि तिथे कुठलातरी जुना सामना चाललाय. माजघरात जुना छोटा टीव्ही फ्री डिशला लावून ठेवला होता, तिथे त्याच डीडी स्पोर्ट्सवर सामना लाइव्ह. आण्णा एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेले, परत आले आणि मला फोन लावला. "पैसं भरलेल्यावर मॅच दिसंना, आन फुकटच्यावर दिसतीया. ह्ये कसलं गणित रं?" त्यांना न्यायालय, कायदा सांगण्यात अर्थ नव्हता. सांगितलं, मॅच माजघरात बघा. खासगी डब्यावर बघायची तर स्पोर्ट्सच्या वाहिन्या वेगळ्या घ्याव्या लागतात. आम्ही त्या आयपीएलपुरत्या घेतल्या आणि नंतर काढल्या.

म्हणूनच माझा सल्ला, जुनी छत्री उतरवू नका. बसवणारा पोरगा "जुनी काढून टाकू का" विचारत होता, आण्णांनी नको म्हटलं ते बरं झालं. आमच्या दोन्ही छत्र्यांची तोंडं वेगवेगळ्या उपग्रहांकडे आहेत, एकीचा दुसरीला त्रास नाही. गच्चीवर जागा लागते एवढंच.

पूर्वी सगळं फुकट होतं आणि आता लुटतात, असं गावात बरेच जण म्हणतात. ते अर्धंच खरं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं तेव्हा टीव्हीला पोस्टातून परवाना काढावा लागायचा, रेडिओसारखाच. तो ऐंशीच्या दशकात बंद झाला. आण्णांना गावातल्या पहिल्या टीव्हीचा परवाना आठवतो. तो टीव्ही आमचा नव्हता. पण तेव्हा अँटेना फिरवून मुंग्या घालवता यायच्या, आणि दिसेल ते सगळ्यांना सारखं दिसायचं. आता तर जमिनीवरचे बहुतेक ॲनालॉग प्रक्षेपकही २०२२ पर्यंत बंद झाले. बिनडब्याचा टीव्ही म्हणजे नुसती काच.

खासगी डीटीएचच्या ग्राहकांची संख्यासुद्धा घसरतेय, २०२० च्या सुमारास सात कोटींच्या आसपास असलेले सक्रिय ग्राहक २०२४ संपताना सहा कोटींच्या खाली आले. काही फ्री डिशकडे गेले, काही मोबाइलवर. आमच्या घरात मोबाइलचा प्रश्न येत नाही. आईला मालिका मोठ्या पडद्यावर आणि ठरल्या वेळेलाच लागते.

मग घ्यावी का? घरात रोज संध्याकाळी मराठी मालिका बघणारं कोणी असेल तर घ्या. आई खूश आहे, काकूंना आता तीच गोष्ट सांगते. घरात फक्त बातम्या, जुने सिनेमे आणि भारताच्या मॅचेस बघत असाल तर फ्री डिश पुरे. जुना डबा असेल तर एमपेग-४ चा घ्या, तेवढा एकदाच खर्च. घेतलीच तर पहिल्याच महिन्यात पॅक मोडून स्वतःची यादी करा, वायरीचे जोड स्वतः उभं राहून टेप लावून घ्या, आणि एका कंपनीचा डबा दुसरीला चालत नाही, त्यामुळे कंपनी बदलायची वेळ आली तर तो डबा कपाटात जाणार हे धरून चाला. आमच्या पुढच्या रिचार्जला आण्णा एक बुके कमी करा म्हणतायत. त्यातल्या इंग्रजी वाहिनीवर मगरी दाखवतात, त्या त्यांना आवडत नाहीत.