ह्युमन ईजीएफ: सांगलीतल्या लॅबमधे बरेच महिने वापरल्यावर

आमचं काम हळदीच्या अर्कावर. सांगलीत बसून दुसरं काय करणार म्हणा, इथल्या हळदीला २०१८ ला जीआय (भौगोलिक मानांकन) पण मिळालाय. कातडीच्या पेशींच्या थरावर पिपेटच्या टोकानं रेघ मारायची आणि अर्कामुळं ती किती भरते ते बघायचं, पण तुलनेला काहीतरी खात्रीचं लागतं म्हणून रिकॉम्बिनंट ह्युमन ईजीएफ घेतलं, म्हणजे पेशींना वाढायला लावणारं माणसाचं प्रोटीन (एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर), पण ई. कोलाय जिवाणूत बनवलेलं, १०० मायक्रोग्रॅमची वायल (छोटी बाटली).

पार्सल आलं तेव्हा जेल पॅक पार कोमट. सप्लायरला फोन लावला तर म्हणे काय होत नाही मॅडम. राग आला, पण माणूस बरोबर होता. सुकवलेल्या पावडरीला तेवढा प्रवास चालतो आणि ईजीएफ तसं चिवटच, जेमतेम ५३ अमिनो आम्लं आणि त्याला तीन डायसल्फाइड बंधांच्या गाठी. एफजीएफ-२ हे दुसरं वाढीचं प्रोटीन मीडियात (पेशींच्या खाद्यात) घालून इन्क्युबेटरला ठेवलं की एका दिवसात बरंचसं मावळतं, तसलं नाजूक प्रकरण हे नाही.

वायल मात्र रिकामीच दिसते! तळाला नीट बघितलं तर पुसट पांढरा पापुद्रा, कधी तोही झाकणाला चिकटलेला, म्हणून उघडायच्या आधी सेंट्रिफ्यूजला एक फेरी द्याच. व्हॉर्टेक्स (जोरात घुसळणारं यंत्र) नको, हळू हलवून विरघळू द्या. पातळ करून ठेवायचं असेल तर ०.१ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रोटीन) घाला, नायतर प्रोटीन ट्यूबच्या प्लास्टिकलाच चिकटून बसतं आणि आपण बसतो पेशींना शिव्या देत. छोटे अलिकॉट (एका वेळेपुरते भाग) करून उणे ८० ला ठेवा. फ्रॉस्ट फ्री फ्रीजरच्या भानगडीत पडू नका, तो बर्फ घालवायला मधेमधे गरम होतो, त्यात आपल्याकडची लाइट.

रिझल्टचं म्हणाल तर हाकॅट (माणसाच्या कातडीच्या) पेशींवर मिलीला १० नॅनोग्रॅम भरपूर झालं, दुसऱ्या दिवशी ईजीएफवाल्या प्लेटमधली रेघ शोधावी लागायची आणि कंट्रोलची (ईजीएफ न घातलेली) तशीच उघडी. पण मीडियातलं सिरम (रक्तातलं द्रव) कमी करा आधी, त्यात वाढीचे घटक असतातच, दहा टक्के सिरमात ईजीएफचा फरक काय कळणार? आणि जास्त घातलं की जास्त भरतं असंही नाही, ए-४३१ या कॅन्सरच्या पेशींवर ईजीएफ पकडणारे रिसेप्टर इतके आहेत की जास्त डोसनं त्या पेशींची वाढ उलट थांबते.

घरी कळलं तर मामा म्हणाले माझ्या पायाच्या जखमेला दे की थोडं. अजिबात नाही, वायलवर फक्त संशोधनासाठी लिहिलेलं असतं ते उगाच नाही, मधुमेहाच्या जखमेचं ईजीएफ जेल औषध म्हणून वेगळं येतं, ते डॉक्टर देतील.

किंमत टोचते, पण डोस नॅनोग्रॅममधे असल्यानं वायल संपता संपत नाही. दुसरी वायल वेगळ्या लॉटची आली आणि त्याच डोसला रेघ जरा सावकाश भरली. म्हणून आता कोटेशन मागतानाच त्या लॉटचा सीओए (तपासणीचा दाखला) मागते, त्यात ईडी५० (निम्मा परिणाम दिसायला लागणारा डोस) आणि एंडोटॉक्सिन (जिवाणूंचं विष) बघते, आणि जुन्या लॉटचा एक अलिकॉट राखून दोन्ही शेजारी शेजारी लावते.