मराठा पलटणीचं मेडल घेऊ की गोऱ्या शिपायाचं?

पहिल्या महायुद्धाचं चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल घ्यायचंय पण कोणाचं घ्यावं यावर अडकलेला एक मित्र आहे, त्याच्यासाठी लिहितोय.

ओळख दोन्हीवर सारखीच, कडेला नंबर, हुद्दा, नाव, पलटण ठोकलेलं असतं. मेडल ३६ मिमीचं, कड घासून नवीन नाव ठोकलेलं असेल तर व्यास किंचित कमी भरतो, कॅलिपर लावूनच घ्या, दोन्ही बाबतीत.

खरा फरक शोधात. गोऱ्या शिपायाचं इंडेक्स कार्ड, म्हणजे मेडल कोणाला दिलं त्याची नोंद, लंडनच्या क्यूमधल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये बहुतेक सापडतं, सर्व्हिस रेकॉर्ड्स मात्र १९४० च्या बॉम्बिंगमध्ये बरीचशी जळाली. मराठा शिपायाचं अवघड, कडेवर गाव नाही, बापाचं नाव नाही, आणि जाधव, मोरे, शिंदे किती निघतील कोण जाणे! पण तो युद्धात मेला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज या युद्धातल्या मृतांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या मोफत यादीत बऱ्याचदा वडील आणि गाव दोन्ही मिळतात, आणि मग सातारा-रत्नागिरीकडे जाऊन विचारता येतं, हे गोऱ्याच्या मेडलचं आपल्याला कसं जमणार.

पलटणही बघा. १०३, ११० आणि ११७ मराठा या पलटणी आजच्या इराकमधल्या कुतच्या तुर्की वेढ्यात होत्या, एप्रिल १९१६ मध्ये शरण गेल्या, म्हणजे त्यांच्या मेडलमागे गोष्ट असण्याची शक्यता जास्त.

घरबसल्या कागद जुळवायची मजा हवी, पहिलंच मेडल आहे, तर गोऱ्याचं. वर्षभर धीर आहे, गावोगाव फिरायची तयारी आहे, तर मराठा पलटणीचं. मी स्वतः मराठा पलटणीचंच घेईन.