पाचवीनंतर कुठे घालायचं? पालिकेची शाळा की अनुदानित हायस्कूल

मुलगी पाचवीत होती तेव्हा मी सहा महिने याच चक्रात होते, म्हणून ज्यांचं आता ठरायचंय त्यांच्यासाठी लिहितेय. आपल्यासारख्या छोट्या शहरात मोठी फी भरायची नसेल (किंवा भरायची इच्छाच नसेल, माझं तेच) तर सहावी ते आठवीसाठी हातात दोनच शाळा उरतात, एक नगरपालिकेची आणि दुसरं कुठल्यातरी संस्थेचं अनुदानित हायस्कूल. नवोदय (केंद्र सरकारची निवासी शाळा) आहे, पण त्याचं गणितच वेगळं, शेवटी सांगते.

सगळे पहिलं विचारतात दहावीचा निकाल किती टक्के. अहो पोरगं सहावीत चाललंय! दहावीचा निकाल निम्मा क्लासवाल्यांचा असतो. सहावी ते आठवीत बघायचं ते एकच, गणित आणि विज्ञान कोण शिकवतं. २००९ च्या आरटीई म्हणजे शिक्षणहक्क कायद्यात लिहिलंय की या वर्गांना ३५ मुलांमागे एक शिक्षक हवा, शिवाय गणित-विज्ञान, भाषा आणि सामाजिक शास्त्रं यांना किमान एकेक हवाच. कागदावर छान आहे पण पट घसरला की संचमान्यतेत (मुलांच्या संख्येवरून शिक्षकांची पदं ठरतात, त्यात) पद उडतं आणि मग एकच बाई सहावी-सातवी-आठवी तिन्हीकडे पळतात. पालिकेच्या शाळेत हा धोका जास्त, त्यात त्याच बाईंना निवडणुकीच्या यादीचं काम लागलं की आठवडाभर गणित गायब.

हायस्कूलमध्ये माणसं जास्त असतात हे खरं, पण मी ऑफिसबाहेर लावलेलं वेळापत्रक वाचत उभी राहिले तर सातवीच्या एका तुकडीचं गणित पीटीच्या सरांच्या नावावर! विषयाचे चांगले शिक्षक नववी-दहावीला लावलेले. विचारलं तर म्हणे तात्पुरतं आहे.

मग मी एक उद्योग केला. दोन्ही शाळांतल्या सातवीच्या एकेका मुलाची गणिताची वही मागून आणली. हायस्कूलच्या वहीत सलग पंधरा पानांवर बरोबरच्या खुणा, सगळ्यांखाली तारीख एकच, म्हणजे तपासणीच्या आदल्या दिवशी बसून उरकलेलं काम. पालिकेच्या वहीत दर दोन-तीन दिवसांनी लाल शाई आणि एका गणिताखाली चक्क लिहिलेलं, ‘हातचा विसरलास, परत कर’, आणि त्याखाली पोराने परत केलेलं. माझं निम्मं तिथेच ठरलं. त्या वर्गात २२ मुलं, हायस्कूलच्या तुकडीत साठच्या वर, तिथे रोज वही कोण बघणार, सरांचाही काय दोष.

प्रयोगशाळेच्या बाबतीत मात्र हायस्कूल पुढे, पालिकेत एक कपाट आहे तेवढंच. पण हायस्कूलच्या सातवीतल्या मुलाला विचारा की तू स्वतः लिटमस कागद बुडवलायस का. आमच्याकडे उत्तर आलं, ‘खिडकीतून बघितलंय.’

सेमी इंग्रजी दोन्हीकडे मिळतं आता. पाचवीपर्यंत पूर्ण मराठीत शिकलेलं मूल असेल तर अपूर्णांकाचं एकदम फ्रॅक्शन होतं आणि पहिले तीन-चार महिने जड जातात, ते गृहीत धरा.

पैशाचं बोलायचं तर पुस्तकं आठवीपर्यंत दोन्हीकडे फुकट, गणवेश फक्त पालिकेत. हायस्कूलमध्ये ‘ऐच्छिक’ विकास निधी मागतात. मी पावती मागितली तर रक्कम निम्म्यावर आली, यावरून काय ते समजा. प्रवेशासाठी देणगी घेणं किंवा मुलाची परीक्षा घेणं दोन्ही आरटीईच्या कलम १३ ने बंद आहे, हे फक्त शांतपणे बोलून दाखवायचं.

आता जे कुणी आधी सांगत नाही ते. पूर्वी सातवीपर्यंत प्राथमिक आणि आठवीपासून हायस्कूल असायचं, कायद्याने पहिली ते पाचवी आणि सहावी ते आठवी असं केलं पण इमारती आहेत तिथेच राहिल्या, त्यामुळे पालिकेच्या बऱ्याच शाळा अजून सातवीलाच संपतात. तुमची तशी असेल तर सरळ हायस्कूल घ्या. कारण आठवीतच एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा असते (पास होऊन यादीत आलं तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, आणि विनाअनुदानित शाळेतल्या मुलांना बसताच येत नाही), शिवाय आता आठवीला वार्षिक परीक्षेत नापासही करतात, पुनर्परीक्षेत जमलं नाही तर वर्ग तोच. अशा वर्षी नवी शाळा, नवे शिक्षक नकोच.

शाळेचा ११ अंकी यूडायस नंबर (सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक) मागून घ्या, त्यावरून शिक्षक किती, खोल्या किती हे ऑनलाइन दिसतं. पटापट होतं ते काम.

नवोदयला सहावीत ८० जागा असतात, त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांना. शहरातल्या पोरांनी उरलेल्यात भांडायचं, सहावीच्या प्रवेशाची परीक्षाही आयुष्यात एकदाच देता येते. लागला नंबर तर राहणं-शिकणं आठवीपर्यंत फुकट, शिक्षणही चांगलं, नाकारण्यासारखं काही नाही. पण माझी पोरगी अजून दिवा मालवला की माझा हात शोधते, म्हणून फॉर्मच भरला नाही. नातेवाइकांनी वेड्यात काढलं, काढू दे.

आमची पालिकेची शाळा आठवीपर्यंत आहे म्हणून तिथेच घातलं. आणि जूनमध्ये शाळा सुरू झाली तर त्या लाल शाईवाल्या बाईंची बदली! शहरातच, दुसऱ्या शाळेत. नवीन सर आलेत, ते वहीवर तारीख घालत नाहीत, पण परवा तिच्या वहीत एका गणिताला गोल केलेला दिसला आणि बाजूला पेन्सिलने लिहिलंय, ‘उद्या दाखव.’