किंमत बोलू नका

रत्नागिरीजवळच्या पावस गावाच्या अलीकडे आमचं घर. आजोबांनी लावलेली हापूसची कलमं, मागे गोठा, आणि गोठ्यात गाईच्या जागी एक पोर्श बॉक्स्टर. हसू आलं असेल तर हसा, गाव चार वर्षं हसतंय. मुंबईत धंदा बरा होता तेव्हा 2014 ची ही गाडी मी जुनीच घेतली होती. वडील गेल्यावर बागेसाठी परत आलो, गाडीही आली. नऊ सेकंदांत टप उघडणारी गाडी कोकणात काय कामाची? पावसाळ्यात टपाचं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या पाल्यापाचोळ्याने तुंबायच्या आणि सीटखाली तळं साचायचं. चामड्यावर बुरशी. आमच्या चढणीवरच्या जांभ्याला पोट घासायचं ते निराळंच.

मुंबईच्या दोन व्यापाऱ्यांनी 29 लाख सांगितले. मला वाटलं, गावात राहायला गेला म्हणजे याला भाव कळत नाही, असं ते धरून चाललेत. म्हणून भाट्याच्या पुलाजवळ संध्याकाळच्या उन्हात झकास फोटो काढले आणि 39 लाखांना स्वतःच ऑनलाइन जाहिरात टाकली.

चौथ्या दिवशी त्याचा फोन आला. पुण्यात जुन्या महागड्या गाड्यांचा व्यवसाय आहे म्हणाला. (सांगितलेलं नाव खोटं निघालं, म्हणून इथे देत नाही.) भाषा स्वच्छ, घाई नाही. सर्व्हिसची कागदपत्रं, टायरचं वय, विमा, सगळं नीट विचारलं. शेवटी म्हणाला, ‘‘साहेब, 38 करा, विषय संपवू.’’ घासाघीस केली नाही, हे मला त्याच्या खानदानीपणाचं लक्षण वाटलं. ज्या गाडीला जाणकार 29 देतात तिला हा न बघता 38 का देतोय, हा प्रश्न मनात आलाच नाही असं नाही. आला होता. मी त्या प्रश्नाला बसायला जागा दिली नाही.

टोकन म्हणून त्याने 50 हजार यूपीआयने पाठवले. पाठवणाऱ्याचं नाव भलतंच होतं. ‘‘आमच्या अकाउंटंटचं खातं,’’ म्हणाला. पैसे खरोखर जमा झाले होते, त्यामुळे मी निर्धास्त झालो. आरसीचा (गाडीच्या नोंदणीच्या कागदाचा) आणि आधारचा फोटो मागितला, दिला. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून ठेवा, तारीख मात्र टाकू नका, म्हणाला. तेही केलं.

मग एक छोटीशी अट. ‘‘गाडी बघायला कोल्हापूरचा एक मुलगा येईल. त्याच्याकडे माझे जुने पैसे अडकलेत, ते मी या व्यवहारात वळते करून घेणार आहे. तेव्हा त्याच्यासमोर किंमत बोलू नका. आणि मी तुमचा कोण असं विचारलंच, तर मावसभाऊ म्हणा. बस्स.’’

दुसऱ्या शनिवारी सकाळी तो मुलगा वडिलांना घेऊन आंबा घाट उतरून आला. सव्वीस-सत्तावीसचा, घरचं फौंड्रीचं काम. गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, पुढचं झाकण उघडलं, तिथे डिकी. मागचं उघडलं, तिथेही डिकी. ‘‘इंजन कुठाय ओ दादा?’’ सीटच्या मागे, मधोमध असतं, वरून दिसतच नाही, म्हटल्यावर वडिलांनी पोराकडे असं पाहिलं की बस्स. मग भाट्यापर्यंत चक्कर झाली. परत आल्यावर कोकम सरबत पिता पिता त्याने विचारलं, ‘‘पुण्याचे साहेब तुमचे कोण?’’

‘‘मावसभाऊ,’’ मी म्हणालो. आईसमोर, माझ्याच ओटीवर बसून. आईला एकच बहीण, आणि तिला मुलीच. आई काही बोलली नाही. तिला वाटलं, धंद्यात असं बोलावं लागत असेल.

एकदा वडील म्हणाले, ‘‘रकमेचं तेवढं एकदा समोरासमोर...’’ पोराने त्यांना डोळ्यांनी दाबलं. मी कलमांकडे बघायला लागलो. मागाहून कळलं, त्यालाही तसंच पढवून ठेवलं होतं. ‘‘गाडी खरी माझी, फक्त मावसभावाच्या नावावर आहे. आमच्यात भावकीचा वाद चालू आहे, त्याच्यापुढे आकडा काढलात तर तो अडवून धरेल.’’ आणि पुरावा म्हणून त्याला माझ्याच आरसीचा नि आधारचा फोटो दाखवला होता. दोन भली माणसं एका चटईवर बसून एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होती, आणि दोघांनाही वाटत होतं की आपण हुशार आहोत.

पावणेएकला मुलाने मोबाईलवरून पैसे पाठवले. पाच मिनिटांत मला पुण्याहून पावती आली: आरटीजीएस (बँकेतून मोठी रक्कम थेट खात्यावर पाठवायची सोय), साडेसदतीस लाख. खात्यात काही दिसेना. फोन केला तर म्हणे, ‘‘दुसरा शनिवार ना साहेब, बँक बंद. सोमवारी सकाळी दिसेल. पावती आहे की तुमच्याकडे, गाडी सोडा.’’

आता हे ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी लिहितो, कारण मलाही माहीत नव्हतं. आरटीजीएस 14 डिसेंबर 2020 पासून चोवीस तास चालतं, रविवारी, दिवाळीत, कधीही. पैसे मिळाल्यावर घेणाऱ्या बँकेने अर्ध्या तासात ते खात्यावर टाकायचे असतात. आणि आरटीजीएसचा यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा ओळख क्रमांक, 22 अक्षरांचा असतो. माझ्या पावतीवर 16 होती, तेवढी एनईएफटी या पैसे पाठवायच्या दुसऱ्या पद्धतीला असतात. पण हे सगळं नंतर मोजलं. समोर बसलेल्या पोराचे पैसे त्याच शनिवारी, त्याच आरटीजीएसने पोचले होते. एवढं जरी त्याला विचारलं असतं!

मी किल्ली द्यायला उठलो होतो. खोटं कशाला बोलू. बायको आतून आली. ‘‘अहो, जमा झाल्याचा मेसेज आला?’’ नाही म्हटल्यावर तिने खुंटीवरची किल्ली काढून मुठीत धरली.

मुलगा जरा चिडला. ‘‘वहिनी, पैसे पोचलेत साहेबांना. पूर्ण.’’

‘‘पूर्ण म्हणजे किती?’’

तो माझ्याकडे बघायला लागला. मग म्हणाला, ‘‘चोवीस.’’

‘‘अडतीस ठरलेत ना?’’ माझ्या तोंडून निघालं.

त्यानंतर ओटीवर जे झालं ते लिहीत नाही. पुण्याचा फोन तोवर बंद झाला होता. मुलाच्या वडिलांना वाटलं मी सामील आहे, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मलाही तेच वाटलं असतं. मीच तर मावसभाऊ म्हणालो होतो. एकमेकांवर ओरडण्यात आमचे अडीच तास गेले. चार वाजता कुणाला तरी 1930 आठवला. ऑनलाइन फसवणुकीसाठीचा सरकारी नंबर, लगेच लावला तर पैसे पुढे सरकायच्या आत अडवता येतात. आम्ही लावला तोवर पैसे बऱ्याच खात्यांतून फिरून गेले होते. 24 लाखांतले तीन लाख दहा हजार थांबले. त्या अडीच तासांची किंमत मी आजही काढत बसतो.

पोलीस ठाण्यात रात्री अकरापर्यंत जबाब. अधिकाऱ्यांनी मला एकच प्रश्न चार वेळा विचारला: नात्याचं खोटं का बोललात? चारही वेळा माझं उत्तर वेगळं होतं. सही केलेले कोरे फॉर्म पाहून ते म्हणाले, गाडी गेली असती आणि तिने कुणाला उडवलं असतं तर भरपाई तुमच्या गळ्यात. ते खरंच आहे. आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली सांगून ठेवलंय.

माझी गाडी वाचली, मग माझं काय गेलं, असं लोक विचारतात. मेच्या मध्यावर माझं खातं गोठलं. टोकनचे ते 50 हजार परराज्यातल्या तिसऱ्याच फसलेल्या माणसाचे होते, त्याने तक्रार केली आणि माग काढत पोलीस माझ्यापर्यंत आले. वाशीच्या बाजारातल्या आंब्याच्या पट्टीचे, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचे, सगळे पैसे त्याच खात्यात. बागेतल्या नेपाळी गड्यांचे पगार बहिणीकडून उसने आणून दिले. ते 50 हजार परत करून, तिकडच्या ठाण्याला कागद पाठवून पाठवून खातं मोकळं व्हायला सप्टेंबर उजाडला.

कोल्हापूरच्या मुलाचा अधूनमधून फोन येतो, तक्रारीचं काय झालं विचारायला. आता तो मला दादा म्हणत नाही, साहेब म्हणतो.

गाडी डिसेंबरात गेली. चिपळूणचे एक डॉक्टर आले होते. अजून चप्पलही काढली नव्हती तोच बायकोने दारातूनच विचारलं, ‘‘किती ठरलेत तुमचे?’’ डॉक्टर दचकले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, ‘‘साडेअठ्ठावीस.’’ तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, साडेअठ्ठावीस. मग ती चहा टाकायला आत गेली.