पाच एचपीचा शेतपंप: एचआरसी फ्यूज की एमसीबी?

पाच एचपीची थ्री-फेज मोटर चालताना साधारण ८ अँपिअर घेते, डायरेक्ट स्टार्टरवर सुरू होताना मात्र सहापट. १० अँपिअरची ‘बी’ कर्व्ह एमसीबी (जादा करंट आला की आपोआप पडणारा स्विच; कर्व्ह म्हणजे किती पट करंटला तो लगेच पडतो) ३० ते ५० अँपिअर दरम्यान ट्रिप होते. म्हणून बटण दाबताच खटका पडतो आणि शिव्या मोटरला! १६ अँपिअर, ‘सी’ कर्व्ह (सुरुवातीचा झटका जास्त सोसणारी), थ्री-पोल घ्या.

शॉर्टसर्किट तोडण्यात एचआरसी (प्रचंड करंटही सुरक्षित तोडणारा बंद फ्यूज) सरस: ८० किलोअँपिअरपर्यंत तोडतो, एमसीबी बहुधा १०. पण डीपीपासून लांबच्या तारेवर एवढा करंट येतच नाही. फ्यूजची खोड वेगळीच: एकच उडतो, मोटर दोन फेजवर गुरगुरत राहते, वाइंडिंग जळतं. एमसीबी तिन्ही फेज एकदम तोडते. लाइनचाच फेज गेला तर दोन्ही निरुपयोगी. तिथे सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारं उपकरण) हवा.