ऑफ-लीश डॉग पार्क: होळी ते दिवाळी वापरल्यावर काय वाटतं

नवी मुंबईत राहतो, घरी भुरी आहे, इंडी म्हणजे आपली देशी कुत्री, अडीचेक वर्षांची, आणि होळीपासून दिवाळीपर्यंत आम्ही पट्टा सोडून खेळवायचा पार्क नियमित वापरतोय. शहराच्या कुठल्या भागातला ते मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर सगळी चर्चा मेंटेनन्सवरच जाते आणि मला त्याबद्दल फार बोलायचंच नाहीये. जागा छान आहे. कुंपण उंच, खाली माती-गवत, छोट्या कुत्र्यांना वेगळा भाग, एंट्रीला डबल गेट. जागेला पाचपैकी चार देईन, येणाऱ्या माणसांना अडीच, आणि हे सगळं लिहितोय ते त्या अडीचसाठीच.

आधी गेटचं. डबल गेट असतं ते कशासाठी हेच निम्म्या लोकांना माहीत नसतं. बाहेरचं गेट उघडा, आत या, ते बंद करा, मधल्या जागेत पट्टा काढा, मगच आतलं गेट. एका वेळी एकच गेट उघडं, बस. पण इथे एकजण आतलं धरून ठेवतो, दुसरा बाहेरचं, "या या, तुम्ही आधी या", आणि तेवढ्यात एखादा बीगल वास घेत सरळ रस्त्यावर. आणि पट्टा मधेच काढायचा, आत नेऊन नाही, कारण आतली मोकळी कुत्री धावत येतात आणि बांधलेल्याला पळता येत नाही, मागे सरता येत नाही, मालक घाबरून पट्टा ओढतो त्यामुळे तो अजूनच ताठ होतो. मी बघितलेली बहुतेक भांडणं गेटच्या आसपासच झालीत. म्हणून आत गेलात की गेटपाशी गप्पा मारत उभं राहू नका, चालत चालत आतल्या कोपऱ्याकडे जा, तुमच्या मागून तुमचं कुत्रंही येतं.

आता मुख्य गोष्ट. बोर्डावर नियम बरेच लिहिलेत पण माझ्या मते त्यातला खरा एकच, हाक मारली की कुत्रं आलं पाहिजे. ट्रेनर लोक रिकॉल म्हणतात. हा नसेल तर बाकीचे नियम पाळणारच कसे? कोणाच्या अंगावर चढला, लहान मुलामागे लागला, शी करायला लांब गेला, सगळ्याचा इलाज तिथेच येतो. "आमचा सिंबा फ्रेंडली आहे हो" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय ना! अहो तो असेल फ्रेंडली, पण समोरच्या म्हाताऱ्या लॅब्रेडॉरच्या कंबरेत दुखतंय आणि त्याला तुमच्या सिंबाची मैत्री नकोय. रिकॉल घरात शिकवा, मग सोसायटीच्या पॅसेजमध्ये, मग लांब दोरी लावून गर्दी नसताना पार्कात. आणि आला की लगेच पट्टा लावून घरी नेऊ नका, हाक आली म्हणजे मजा संपली हे त्यांना फार पटकन कळतं. बोलवा, काहीतरी खायला द्या, परत सोडा.

(ट्रीट द्यायची तर बाजूला जाऊन, बरं का. चार कुत्र्यांच्या मधे चिकनची पिशवी उघडणाऱ्या काकूंना हात जोडून विनंती आहे. बॉलचंही तेच, घरी अगदी शांत असणारं कुत्रं स्वतःच्या बॉलवरून गुरगुरतं.)

दुसरं म्हणजे मोबाईल. इथे कोणाला कोणाची नावं माहीत नसतात, सगळे ब्रूनोचे बाबा आणि कोकोची आई, आणि मस्त गप्पा रंगतात, मलाही आवडतात. पण नजर कुत्र्यावरच हवी. चांगला खेळ कळतो, पुढचे पाय खाली टेकवून मागचा भाग वर, आळीपाळीने पळणं, मधेमधे थांबून अंग झटकणं. एकच सारखा मागे लागलाय आणि दुसरा शेपूट पोटाशी घालून बाकाखाली घुसतोय तो खेळ नाही. आणि शेपूट हलतेय म्हणजे खूश हे डोक्यातून काढा, शेपूट वर ताठ करून थरथर हलवणारं कुत्रं बऱ्याचदा भांडणाच्या तयारीत असतं. छोट्यांचा भाग वेगळा ठेवलाय तोही फॅशन म्हणून नाही. पॉमेरेनियन किंचाळत पळाला की मोठ्याला कधीकधी ती शिकार वाटते.

कोणाला आणू नये यावर दर रविवारी वाद. लसी पूर्ण न झालेलं पिल्लू नको, म्हणजे साधारण चार महिने होईपर्यंत तरी नाहीच. पार्वोचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो, फिनाईलने जात नाही, आणि गवताला ब्लीच कोण मारणार. हीटमधली, म्हणजे माजावर आलेली मादी नको, साधारण तीन आठवडे घरच्या घरी किंवा पट्ट्यावरच. डायपर घालून आणतात लोक, वास काय डायपरने थांबतो का? रेबीजची लस दरवर्षी, आणि कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, वेळ आली की तोच लागतो.

शी उचला. यावर अजून लिहावं लागतंय हेच वाईट. शीतून पसरणाऱ्या हुकवर्म या जंताच्या अळ्या मातीतून माणसाच्या पायाच्या कातडीत शिरतात, संध्याकाळी इथे लहान मुलं अनवाणी असतात. आणि पिशवीत भरून ती पिशवी कुंपणाला लटकवणारे, तुम्ही नक्की कोणासाठी ठेवून जाता?

पावसाळ्यात मात्र आम्ही जाणं खूप कमी केलं. एका बाजूला तळं साचतं, आणि आपल्याकडे उंदीर-घुशी किती ते सांगायला नको, लेप्टो त्यांच्या मुतातून पाण्यात येतो आणि कुत्र्याला होतो तसा आपल्यालाही होतो. दरवर्षीच्या इंजेक्शनात लेप्टो आहे का हे व्हेटला स्पष्ट विचारा. गोचीड त्या दिवसांत भयंकर, घरी आलं की कान, बोटांच्या मधे आणि गळ्यातल्या पट्ट्याखाली बघायचंच. एप्रिल-मेमध्ये उलटं, सकाळी लवकर नाहीतर अंधार पडल्यावर, पग-शिट्झूसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर जास्तच सांभाळून. पाणी आणि वाटी घरून न्या.

भांडण झालंच तर गळ्यापाशी हात घालू नका, चावा तिथेच बसतो. पाणी मारा, जोरात आवाज करा, नाहीच सुटले तर दोन्ही मालकांनी एकाच वेळी मागचे पाय धरून मागे ओढायचं. माणसाला दात लागला तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं, हळद-चुना काही नाही, आणि त्याच दिवशी डॉक्टर. रेबीजची इंजेक्शनं कातडीत दिली तर 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी असतात, दंडाच्या स्नायूत दिली तर 14 व्या दिवशीही एक असतं, दोन घेऊन सोडायची नाहीत. ज्याच्या कुत्र्याने चावलं त्याने नंबर द्यायचा, लसीचं कार्ड दाखवायचं. गुपचूप पट्टा लावून सटकणारे बघितलेत मी. भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 मध्ये प्राण्याबाबत निष्काळजीपणाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि पार्क ऑफ-लीश आहे म्हणून त्यातून सुटका होत नाही.

गेटबाहेरच्या भटक्या कुत्र्यांचा विषय वेगळाच. त्यांना खायला घालणाऱ्यांवर माझा राग नाही, भुरी स्वतः रस्त्यावरूनच आलीये. पण बरोबर गेटसमोर भात ओतला की ती तिथेच बसणार, जागा राखणार आणि येणाऱ्या प्रत्येकावर भुंकणार. 2023 च्या एबीसी (प्राण्यांच्या जन्म नियंत्रणाच्या) नियमांत पण खाऊ घालायची जागा येण्याजाण्याच्या वाटेपासून आणि मुलं खेळतात तिथून लांब ठरवा असंच आहे. वीसेक पावलं पुढे नेलं तर सगळ्यांचंच भागतं.

घाबरट कुत्रं असेल तर इथे आणून "सोशलाइज" करू नका, आधी कुंपणाबाहेरून बघू द्या. पहिल्यांदा येणार असाल तर रविवार सकाळ टाळा, उन्हाळा सोडून मधल्या वारी दुपारी चार-साडेचारला या, तीन-चारच कुत्री असतात आणि त्यांचे मालक बऱ्यापैकी जागे असतात. आम्ही त्याच वेळेला असतो. भुरी काळी आहे, पुढचे दोन पंजे पांढरे, आणि ती तुमच्या बॅगेत तोंड घालेल, तेव्हा बिस्किटं वरच्या कप्प्यात ठेवा.