गाडी तपासून घेतली, तरी फसलो

२०२२च्या दिवाळीआधी पुण्यात सेकंड हँड गाडी घेतली. २०१८चं मॉडेल, एमएच-०८ पासिंग, ४ लाख ६० हजारांना. एजंट म्हणाला, "साहेब, माझ्या शब्दावर जाऊ नका, मेकॅनिककडून चेक करून घ्या." मेकॅनिकही त्यानेच बोलावला. त्याने बॉनेट उघडलं, ऑइलची काडी बघितली, एक चक्कर मारली आणि "एक नंबर" म्हणाला. त्याचे ५०० रुपये मी दिले.

दोन महिन्यांत काचा अडकायला लागल्या. जानेवारीत खंबाटकीच्या चढावर गाडी बंदच पडली. मागच्या सीटवर आई आणि सहा वर्षांची मुलगी, आणि मागून ट्रकचे हॉर्न. पैशांपेक्षा त्या दहा मिनिटांचा मला अजून राग येतो.

साताऱ्यात ओळखीच्या वायरमनला गाडी दाखवली. त्याने आधी काही उघडलं नाही. ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला, तर आतल्या वीतभर पट्ट्यावर मातकट रेघ आणि वाळलेला गाळ. सीटखाली टॉर्च मारला, तर बोल्ट गंजलेले. "दादा, ही पुरातली गाडी आहे."

एमएच-०८ म्हणजे रत्नागिरी पासिंग. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं, हे मलाही माहीत होतं. तिकडची प्रत्येक गाडी तशी नसते, पण विचारायला तर हवं होतं.

खरा धक्का पुढे होता. चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझतो. आमचा लागतच नव्हता. बिघाड दिसू नये म्हणून दिवाच तोडून ठेवलेला. म्हणजे इतके दिवस मी मुलीला घेऊन एअरबॅगच्या भरवशावर हायवेने गाडी चालवत होतो, आणि ती चालते की नाही हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

विम्याच्या जुन्या पॉलिसी काढल्या. २०२०च्या पॉलिसीत नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, २५ टक्के; २०२१च्या शून्य. म्हणजे मध्ये क्लेम घेतलेला असणार. हे कागद व्यवहाराच्या वेळीच माझ्या हातात होते. जाब विचारला, तर एजंटने 'जशी आहे तशी घेतली' हा माझ्या सहीचा कागद पुढे केला. आता ग्राहक आयोगात तक्रार केली आहे.

तुम्ही इसार देण्याआधी मेकॅनिक तुमचा न्या, गाडी त्याच्या गॅरेजवर रॅम्पवर चढवा. एजंट गाडी बाहेर न्यायला नको म्हणाला, तर तिथूनच परत फिरा.

आमची गाडी दारात उभी आहे. कधी विकलीच, तर घेणाऱ्याला तो पट्टा मी स्वतः ओढून दाखवणार.